सांगलीच्या नाटकाचा बोलबाला कसा झाला?

चीज चांगली असली की आपोआप गाजते, हा कलावंतांचा लाडका समज. त्याला दाखला सांगलीचा दिला जातो: 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ झाले आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. जणू दुसऱ्या दिवशीच महाराष्ट्रभर डंका वाजला!

प्रत्यक्षात तो खेळ संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने झाला. कर्नाटकातून आलेल्या मंडळींचे खेळ पाहून त्यांनीच भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले होते. म्हणजे गिऱ्हाईक आधी, नाटक नंतर. 1851 मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय आटला आणि मंडळींना घेऊन भाव्यांना गावोगाव हिंडावे लागले. मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात त्यांचे तिकीट लावून खेळ झाले ते 1853 मध्ये. सांगलीपासून तिथवर पोचायला दहा वर्षे लागली.

तोंडी प्रसिद्धीला जाहिरातीचे वावडे असते, हा दुसरा गैरसमज. मुंबईतल्या या खेळांच्या जाहिराती इंग्रजी वर्तमानपत्रांत आल्या होत्या. गावोगावच्या बोलण्याचा परिणाम मात्र वेगळ्याच ठिकाणी दिसतो: इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशा मंडळ्या भराभर उभ्या राहिल्या. नक्कल करणारे निघाले, याहून बोलबाल्याचा पक्का पुरावा कोणता?

तिसरा समज गर्दीचा. सुरुवातीला जितके जास्त लोक, तितकी चर्चा मोठी, असे मानतात. पण साताऱ्याच्या शाहूनगरवासी नाटक मंडळीचे उदाहरण पाहा. तिने शेक्सपिअरचा ‘हॅम्लेट’ रंगभूमीवर आणला तो गोपाळ गणेश आगरकर यांच्या ‘विकारविलसित’ या रूपांतरातून. आगरकर मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे आणि पुण्यात कॉलेजात शिकवणारे. मूळ नाटक वाचलेला वर्ग संख्येने मूठभर होता, पण त्याच्या शब्दाला वजन होते. मंडळीतले नट गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट गाजला, त्यात या मूठभरांचाही वाटा असावा.

आणि नाटकाचे प्रेक्षक असोत की मासिकाचे वाचक, ते शून्यातून गोळा करावे लागतात, असेही नाही. सध्याच्या सांगली जिल्ह्यातल्या, तेव्हा औंध संस्थानात असलेल्या किर्लोस्करवाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली, तेव्हा किर्लोस्करांच्या कारखान्यातल्या नांगरांमुळे हे नाव शेतकऱ्यांच्या घरात आधीच पोचलेले होते. पुढे तिचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली, तेव्हा ओळख करून द्यायला हे थोरले भावंड हजर होतेच.