साबणाने गप्प केलेला बेल्ट

प्रवरानगरला 1950 च्या अखेरीस सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. तेव्हापासून नगर जिल्ह्यातला हिवाळा आणि उसाच्या गाड्या यांची जोडी सुटलेली नाही. पहाटे यार्डात एखादा जुना ट्रक स्टार्ट होतो आणि पहिली दोन मिनिटं बॉनेटखालून ‘चींऽ चींऽ’ ऐकू येतं. शेजारचा ड्रायव्हर मफलर सावरत सांगतो, “थंडीनं व्हतंय. तापली की गप बसंल.”

गप्प बसते, हे खरं. पण थंडी हे अर्धंच कारण. रात्रभर ऊस उतरवायच्या नंबरची वाट बघताना टेप वाजलेला असतो, केबिनचा दिवा जळत राहिलेला असतो. बॅटरी उतरते, उरलीसुरली स्टार्टर ओढून घेतो. इंजिन सुरू झालं की ती भरून काढायचं काम अल्टरनेटरवर येतं. गॅरेजात त्याला अजूनही डायनामोच म्हणतात. विजेचा भार जितका जास्त, तितका डायनामो फिरायला जड. सैल पडलेला फॅन बेल्ट त्या जड पुलीवरून घसरतो, आणि ते घसरणं आपल्याला चिरकल्यासारखं ऐकू येतं. बॅटरी थोडी भरली की भार हलका होतो, आवाज थांबतो. बेल्ट मात्र घसरण्याच्या उष्णतेने रोज थोडा आणखी कडक होत राहतो.

दुसरा समज याहून घातक आहे: बेल्टला साबण घासा, ग्रीस लावा, आवाज जातो. आमच्या घरच्या टाटा 407 ट्रकवर हा प्रयोग महिनाभर चालला. जेऊरकडचा कांदा भरून गाडी घोडेगावच्या बाजारात जायची. निघताना वडील साबणाची वडी बेल्टच्या कडेवरून फिरवायचे आणि गाडी निमूट चालायची. एका रात्री इमामपूरचा घाट उतरून पांढरीच्या पुलापाशी पोहोचतो न पोहोचतो तोच चार्जिंगचा लाल दिवा लागला. पाठोपाठ ब्रेकचं पॅडल दगडासारखं झालं. गाडी थांबली, पण वडिलांना दोन्ही पाय पॅडलवर रोवावे लागले. टॉर्चच्या उजेडात बॉनेट उघडलं तर तुटलेला बेल्ट पंख्याच्या जाळीत लोंबत होता. त्याच्या कडा काचेसारख्या चमकत होत्या आणि आतल्या अंगाला नखाएवढ्या भेगा पडल्या होत्या.

त्या एका पट्ट्यावर काय काय टांगलेलं होतं, हे तेव्हा कळलं. वॉटर पंप त्याच्यावर, डायनामो त्याच्यावर, आणि आमच्या गाडीला ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्या पाठीलाच जोडलेला. व्हॅक्यूमच्या ब्रेकसाठी डिझेल इंजिनाला हा वेगळा पंप लागतो, कारण पेट्रोल इंजिनासारखी ओढ त्याच्या हवेच्या नळीत तयार होत नाही. बेल्ट तुटला की पाण्याचं फिरणं थांबतं, चार्जिंग जातं आणि साठलेला व्हॅक्यूम चार-दोन ब्रेकांत संपतो. हाच बेल्ट पाच-सात मिनिटं आधी, ऐन उतारावर तुटला असता तर, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. साबणाने घसरण थांबत नाही, नुसती ऐकू येईनाशी होते. ग्रीसने तर रबर फुगतं.

“मग टाईट करून टाका” हा तिसरा समज. गरजेपेक्षा ताणलेला बेल्ट वॉटर पंपाचं आणि डायनामोचं बेअरिंग खातो. इंजिन बंद, चावी खिशात, मग सर्वांत लांब मोकळ्या पट्ट्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबावं. साधारण 10 ते 15 मिलिमीटर दबला तर बहुतेक जुन्या गाड्यांना ठीक. पुस्तिकेत आकडा असेल तर तोच धरावा.

आवाज नेमका कुठला, हे ठरवायला महागडं यंत्र लागत नाही. इंजिन चालू ठेवून, हात आणि मफलर पंख्यापासून लांब धरून, बेल्टवर बाटलीतून थोडं पाणी शिंपडावं. आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय. क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नसाव्यात. पुलीच्या तोंडावर दोरी ताणून धरली की ते दिसतं. काहीच फरक नाही पडला तर इंजिन बंद करून बेल्ट उतरवावा आणि थंड इंजिन अर्धा मिनिट चालवून बघावं. आवाज गेला तर बेल्ट किंवा त्यावर चालणाऱ्या वस्तू दोषी. मग एकेक पुली हाताने फिरवायची. खरखर लागली, पुली आडवी हलली, की बेअरिंग सापडलं. वॉटर पंपाच्या बुडाशी गंजकट पाण्याचा ओघळ असेल तर पंपाचं सीलही गेलंय.

बेल्ट काढूनही आवाज तसाच राहिला तरच इंजिनाकडे वळायचं. तिथंही आधी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग बघावं. ते फुटलं की चढावर चिमणीसारखी चिवचिव येते आणि सांध्यापाशी काजळीचा डाग पडतो. चिरकणं ऐकलं की “इंजिन खोलावं लागंल” म्हणणाऱ्याला आधी एवढं दाखवायला सांगा. या भीतीपोटी हंगामातली उचल इंजिनकामात घालवलेले गाडीवाले मी पाहिलेत, आणि ते बघून जीव तुटतो.

नवा बेल्ट टाकला की विषय संपला, असंही नाही. हा बेल्ट पुलीच्या खाचेत दोन्ही कडांनी पकड घेतो. खाच झिजून बेल्ट तळाला टेकू लागला तर नवा बेल्टही आठवड्यात ओरडतो, तेव्हा पुलीच बदलावी लागते. जोडीचे बेल्ट असतील तर दोन्ही एकदम बदलावेत. आणि नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत थोडा सैलावतो, म्हणून घोडेगावच्या दोन-तीन खेपा झाल्या की अंगठा पुन्हा लावायचा. आमच्या गाडीत त्या रात्रीपासून सीटमागे एक कोरा बेल्ट आणि तो ताणायच्या बोल्टाच्या मापाचे दोन पाने कायम असायचे.