घरच्या कचेरींतील टांचण-फलक



सीबीडी बेलापूर या नांवांतील पहिलीं तीन अक्षरें इंग्रजी असून त्यांचा अर्थ मध्यवर्ती व्यापारी विभाग असा आहे. मुंबईवरील भार हलका व्हावा या हेतूनें १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहराच्या कचेऱ्यांसाठीं पारसिक डोंगराच्या पायथ्याची ही जागा नेमून देण्यांत आली. कोंकण भवन आणि सिडको भवन या इमारती येथें उभ्या राहिल्या. पुढें २०२० सालच्या टाळेबंदीनें मोठी गंमत केली. कचेऱ्यांसाठीं वसविलेल्या या गांवांत कचेरीच उठून घरांत आली, आणि कित्येक घरांतून ती अद्याप परत गेलेली नाहीं. निजावयाच्या खोलीच्या कोपऱ्यांत एक टेबल, त्यावर संगणक, आणि सभोंवार पावत्या, बिलें व चिठ्ठ्या यांचा पसारा, हें दृश्य आपणांपैकीं अनेकांच्या ओळखीचें असेल.

मराठींत ‘टांचण’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. आठवणीकरितां टिपून ठेविलेला चार ओळींचा मजकूर हें टांचण, आणि तो कागद टांचणीनें लावून ठेवणें तेंहि टांचणेंच. म्हणून ज्याला बाजारांत पिन-बोर्ड म्हणतात त्याला मी टांचण-फलक म्हणतों. तो घरीं करतां येतो; मात्र आमच्या हवेंत तो कसा टिकवावा हें मला एका चुकीनें शिकविलें.

पहिला फलक मीं केला तो खोक्याच्या एका पुठ्ठ्याचा. बाहेरच्या, नैर्ऋत्येकडील भिंतीला तो सरळ चिकटविला आणि दहा मिनिटांत काम उरकलें म्हणून स्वतःचें कौतुकहि करून घेतलें. मग जुलै आला. वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आमच्याकडे पडतो, आणि त्याचा मारा याच बाजूनें असतो. पुठ्ठा ओल पिऊन सैल झाला, टांचण्या एकेक करून वांकूं लागल्या, आणि आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख लिहिलेला कागद कधींतरी टेबलामागें पडला. कागद भिंतीवर आहे या भरंवशावर आम्हीं सर्वांनीं ती तारीख मनांतून काढून टाकली होती. घटस्थापनेपूर्वींच्या साफसफाईंत तो सांपडला तेव्हां दिवस टळून गेला होता. पुढची तारीख मिळेपर्यंत तिला आणखी दोन महिने धूसर दृष्टीनें काढावे लागले. ती मला कांहींच बोलली नाहीं, आणि तेंच अधिक लागलें.

आतां दुसऱ्या फलकाविषयीं. टांचणी धरणाऱ्या पदार्थांत टोंक सहज शिरावें, आणि तें काढल्यावर भोंक आपोआप मिटावें. या कामीं बूच सर्वोत्तम. आपल्याकडे पांढऱ्या सुवासिक फुलांचें जें बुचाचें झाड असतें तें निराळें. हें बूच म्हणजे पोर्तुगालकडे होणाऱ्या एका ओकवृक्षाची साल असून ती साधारणपणें नऊ वर्षांनीं एकदां सोलतात. रॉबर्ट हूक यानें या बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला आणि त्यांतील खणांना ‘सेल’ हें नांव १६६५ सालच्या आपल्या ग्रंथांत दिलें. त्यालाच आपण पेशी म्हणतों. बुचाच्या पेशी मिटलेल्या, हवेनें भरलेल्या व लवचीक असल्यामुळें टांचणी शिरतांना त्या दबतात आणि निघाल्यावर पुन्हां फुगतात. पाणीहि त्यांत सहसा शिरत नाहीं.

परंतु बूच महाग. प्लायवुडच्या दुकानांत सॉफ्ट बोर्ड मिळतो, तो लांकडाच्या किंवा उसाच्या चिपाडाच्या तंतूंचा लगदा दाबून करतात. साखर काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्याचा असा उपयोग मला तरी मनापासून आवडतो. बारा मिलिमीटर जाडीचा, चार फूट लांब व तीन फूट उंच असा तुकडा दुकानदाराकडूनच कापून घ्यावा. याहून पातळ घेतल्यास टांचणीचें टोंक मागें भिंतीला लागतें. सॉफ्ट बोर्ड ओल फार पितो, हा त्याचा मोठा दोष. म्हणून दोन्ही अंगांना व विशेषतः चारी कडांना ऑईलपेंटचा हात द्यावा आणि तो पुरता वाळूं द्यावा.

वर कापड हवें. मांजरपाट स्वस्त व पुरेसा जाड असतो. मात्र तो आधीं धुवून घ्यावा. कोरा मांजरपाट पुढें आटतो आणि फलकाला बांक आणतो. कापड चारी बाजूंना दोन-दोन इंच अधिक ठेवून प्रथम प्रत्येक बाजूच्या मध्यावर ताणून मागें बारीक चुकांनीं पक्कें करावें, मग कोपऱ्यांकडे सरकत जावें. कोपऱ्यांपासून आरंभ केल्यास मध्यें सुरकुती राहते. चुका अर्ध्या इंचाहून लहान असाव्या, नाहीं तर त्या समोरून बाहेर येतील. कणकेच्या खळीनें कापड चिकटविण्याचा मोह टाळावा. खळीवर कसर येते. जुने पुस्तकबांधणीवाले खळींत मोरचूद घालीत असत तें याचकरितां, पण तो विषारी, मुलें असलेल्या घरांत नकोच.

मुख्य गोष्ट टांगण्याची. बाहेरची भिंत सोडून दोन खोल्यांमधील भिंत निवडावी. फलकाच्या पाठीवर चारी कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचे लांकडी गुटके सरसानें लावावे, म्हणजे फलक व भिंत यांमध्यें हवा खेळती राहते. माझा पहिला फलक नासला तो या अर्ध्या इंचाच्या अभावीं. वजनाच्या आधारासाठीं वरच्या कडेला सागवानी पट्टी मागून लावून तिच्यांत दोन कड्या बसवाव्या. सिमेंटच्या भिंतींत साधा खिळा वांकतो. तेथें ड्रिलनें भोंक पाडून प्लॅस्टिकचा गट्टू ठोकावा व त्यांत स्क्रू पिळावा. विजेच्या बटणांच्या सरळ वर अथवा खालीं भोंक पाडूं नये, कारण तारा बहुधा तेथूनच गेलेल्या असतात. बसल्या जागीं वाचतां यावें म्हणून फलकाचा मध्य जमिनीपासून सुमारें चार फुटांवर यावा.

टांचण्या लोखंडी नकोत. खाडीकडच्या दमट हवेंत त्या गंजतात आणि कागदावर तांबूस डाग ठेवतात. पितळी घ्याव्या. एका कागदावर दुसरा लावूं नये, आणि तारखेचे कागद डाव्या बाजूस एका ओळींत ठेवावे. आमच्याकडे त्या ओळींतील पहिली जागा आईची आहे. तेथें दुसऱ्या कोणाचें बिल लागलें तर ती स्वतः काढून खालीं लावते.

रंग वाळावयास एक रात्र जाते, तेव्हां हें काम शनिवारीं सायंकाळीं आरंभावें.