पुढे नवे की मागे नवे?

चाळीसेक हॉर्सपॉवरच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला पुढे 6.00-16 आणि मागे 13.6-28 मापाचे टायर सर्रास दिसतात. फरक नुसता मापाचा नाही. पुढच्या टायरवर परिघाभर सलग धारा असतात. त्या मातीत रुततात आणि वळताना चाक आडवे सरकू देत नाहीत. मागच्यावर तिरपे, उंच दात. इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते, म्हणून माती धरून रेटणारे दात तिथेच. एका वाहनावर दोन जातींचे टायर लावायचा इतका चोख नमुना दुसरा नाही. कारला मात्र हाच हिशेब लावला, की तो अंगाशी येतो.

ट्रॅक्टरवर हवेचे टायर आले 1930 च्या दशकात. त्याआधी दातेरी लोखंडी चाके असत. अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने 1932 मध्ये मॉडेल यू हा ट्रॅक्टर रबरी टायरवर विकायला काढला. शेतकऱ्यांचा विश्वास बसावा म्हणून शर्यतपटू बार्नी ओल्डफिल्डला ट्रॅक्टरवर बसवले. 1933 मध्ये त्याने खास तयार केलेला ट्रॅक्टर ताशी 64 मैलांवर पळवला. शेतीशी या वेगाचा काडीचा संबंध नव्हता, पण जाहिरात झाली.

पकड नुसत्या दातांनी येत नाही, वर वजनही लागते. म्हणून आपल्याकडे मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरतात, चाकाला बिडाची वजने लावतात. तरीही नांगरताना चाक दहा-पंधरा टक्के घसरावे, हेच योग्य. अजिबात घसरत नसेल तर ट्रॅक्टर गरजेपेक्षा जड झालाय आणि डिझेल फुकट जातेय. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढताना सगळा भार मागे येतो आणि पुढची चाके उचलतात. मागे पकड भरपूर, पण स्टिअरिंग फिरवून उपयोग शून्य.

एक जुगाड इथेच निकालात काढू: दोन ओढत्या चाकांपैकी एकालाच चांगला टायर घालणे. इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारे साधे डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. गोटा झालेला टायर जेवढा पीळ पेलेल, तेवढाच दुसऱ्या बाजूच्या नव्या टायरला मिळतो. डिफरेन्शियल लॉक टाकला तरच चांगल्या टायरचा फायदा, म्हणून ट्रॅक्टरला तो असतो. बहुतेक कारना नसतो.

आता कार. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी काय किंवा अ‍ॅम्बॅसिडर काय, ओढ मागच्या चाकांची. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि ओढ पुढे गेली. आज बहुतेक छोट्या गाड्या तशाच. पुढची चाकेच ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही उचलतात, त्यामुळे पुढचे टायर आधी झिजतात. मालक दोनच टायर घेतो आणि पुढे टाकायला सांगतो: स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे, मग नवे टायरही पुढेच! ऐकायला पटते. टायर कंपन्या मात्र उलटे सांगतात: नवे दोन मागे टाका, अर्धे झिजलेले पुढे आणा.

कारण असे. टायरजवळ पकडीचा साठा मर्यादित असतो. ओढणे, थांबणे आणि आडवे सरकू न देणे, तिन्हींसाठी खर्च त्याच साठ्यातून. ताम्हिणी घाटाच्या ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते; चालक घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे येते आणि बऱ्याचदा पकड परत मिळते. मागची सुटली तर शेपूट बाहेर येते, आणि तिथे अ‍ॅक्सिलरेटर सोडणे म्हणजे मागचे उरलेसुरले वजनही काढून घेणे. गाडी गर्रकन फिरते. पुढची चाके कितीही घट्ट धरून असली तरी ती वाचवत नाहीत. उलट त्यांच्याभोवतीच गाडी फिरते.

ब्रिटनच्या नियमांत हेच तत्त्व जुन्या क्रॉस-प्लाय टायरच्या संदर्भात सापडते. वळणावर नव्या बांधणीचा रेडियल टायर त्याच्यापेक्षा कमी सरकतो. म्हणून दोन आसांच्या गाडीला मागे रेडियल, पुढे क्रॉस-प्लाय चालते. पुढे रेडियल असताना मागे क्रॉस-प्लाय चालत नाही.

बर्फाच्या देशांत प्रश्न आणखी टोकदार. फिनलंडमधल्या नोकिया गावच्या कारखान्याने 1934 मध्ये ट्रकसाठी हिवाळी टायर काढला, 1936 मध्ये कारसाठी ‘हाक्कापेलिट्टा’. आजच्या हिवाळी टायरचे रबर थंडीत कडक होत नाही. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे असे दोनच घातले तर गाडी बर्फातून झटकन निघते, चढही चढते. चालकाला वाटते, जमले. मग उतारावर, वळणात ब्रेक दाबला की मागचे उन्हाळी टायर साथ सोडतात. मागून ओढ असलेल्या गाडीला मागेच दोन घातले तर ती फिरत नाही एवढेच. वळतही नाही आणि वेळेत थांबतही नाही. जर्मनीत अवजड वाहनांना बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर आधी फक्त ओढत्या आसांवर सक्तीचे होते. जुलै 2020 पासून पुढच्या, वळत्या आसावरही झाले.

आपल्या नियमात कारच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर हवी. पुढे सात मिलिमीटर आणि मागे पावणेदोन असली, तरी गाडी कायद्याने ठणठणीत!