परमुलखातील मनाचा गोंधळ

परमुलखात प्रथमच बिऱ्हाड मांडणाऱ्या मनुष्याचा जीव कासावीस होतो तो केवळ हवापाणी मानवत नाही म्हणून नव्हे. हस्तांदोलन केव्हा करावे, बक्षिसी किती द्यावी, निमंत्रण केव्हा नाकारावे, अशा ज्या शेकडो बारीकसारीक संकेतांवर त्याचा नित्यव्यवहार आजवर बिनतक्रार चालत आला, ते एकाएकी निकामी ठरतात म्हणून, असे प्रतिपादन मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९५४ साली रिओ दि जानेरो येथील व्याख्यानात केले. वारंवार हात धुणे, पिण्याच्या पाण्याची अवास्तव धास्ती, क्षुल्लक विलंबावरून संताप ही त्यांनी नोंदलेली लक्षणे होत.

आपल्याकडे पानावर पहिल्या खेपेस ‘नको’ म्हणणे हा शिरस्ता, आणि त्यावर यजमानाने आग्रह करणे हाही शिरस्ताच. परंतु अमेरिकन यजमान त्या नकाराचा मान राखून भांडे उचलून नेतो, आणि मराठी विद्यार्थी अर्धपोटी उठून त्यास कृपण समजतो. वस्तुतः दोघेही सौजन्यानेच वागलेले असतात.

हा त्रास केव्हा सर्वाधिक असतो, याविषयी मात्र एकमत नाही. अमेरिकेत राहिलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या पाहणीत संशोधक लिसगार्ड यांना १९५५ साली असे दिसले, की सहा ते अठरा महिने मुक्काम झालेलेच सर्वांत कमी रुळलेले होते. उलट न्यूझीलंडमधील जपानी विद्यार्थ्यांच्या १९९८ सालच्या अभ्यासात सर्वाधिक त्रास आरंभीच आढळला, आणि मला हा निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो. तेव्हा ज्यांची मुले नुकतीच परदेशी गेली आहेत, त्यांनी पहिल्या महिन्यांतील त्यांचा त्रागा हा दुबळेपणा समजू नये.