हातपाय गार पडले तर

रायगडाच्या पायथ्याशी असलेल्या हिरकणीवाडीचे नाव ज्या गवळणीच्या आख्यायिकेशी जोडलेले आहे, ती कोजागिरीच्या रात्री गडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्याच्या ओढीने कडा उतरून घरी गेली, हे मराठी शाळेत चार इयत्ता शिकलेल्या कोणासही ठाऊक असते. परंतु रात्रीच्या वेळी उघड्या हातांनी दगड चाचपीत आणि अनवाणी पायांनी कपारी शोधीत उतरणाऱ्या त्या बाईला विंचू कसा चावला नाही, असे आजवर कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. प्रश्न थट्टेचा वाटेल. पण महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत, जेथे दगडाच्या बांधाखाली, पेंढ्याच्या उडवीत, लाकूडफाट्याच्या ढिगात आणि कुडाच्या भिंतीत लाल विंचवाचा पिढीजात मुक्काम आहे, तेथे या प्रश्नापायी कित्येक घरांतली कर्ती माणसे आणि त्याहून अधिक करून लहान मुले गेलेली आहेत.

हा लाल विंचू दिसायला मोठा नव्हे. दोन-तीन इंचांचा, तांबूस रंगाचा, दिवसा दडून बसणारा आणि रात्री भक्ष्याला निघणारा. त्याच्या दंशाविषयी लोकांत जी समजूत रूढ होती ती अशी की, जो जितका ओरडतो तितका त्याला विषाचा तडाखा मोठा. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. दंशाच्या जागी असह्य वेदना होऊन जो रात्रभर घर डोक्यावर घेतो, तो सहसा सकाळी बरा असतो. मात्र ज्याला फारसे दुखत नाही, पण जो एक-दोनदा ओकतो, ज्याचे अंग घामाने निथळते, तोंडाला लाळ सुटते आणि हातपाय बर्फासारखे गार पडतात, त्याच्या हृदयावर विषाचा अंमल बसलेला असतो. विष उतरविण्यासाठी मंत्रतंत्र करणाऱ्या भगताच्या अंगणात मात्र पहिल्याची धावपळ व्हायची आणि दुसरा एका कोपऱ्यात निपचित पडून राहायचा. काही तासांनी त्याला धाप लागे, छातीत घरघर सुरू होई, तोंडाला फेस येई, आणि फुप्फुसांत पाणी भरून तो स्वतःच्याच छातीत बुडे.

हे संकट वैद्यकास अगदीच अपरिचित होते असे नाही. मुंडले यांनी 1961 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी साठण्याविषयी लिहिले होते, त्रिनिदादमध्ये हृदयाच्या स्नायूवरील परिणामांची नोंद झाली होती, आणि इस्राएलमधील बीरशेबा येथे मोशे ग्युरॉन या हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांच्या वाळवंटातील पिवळ्या विंचवाचा अभ्यास चालविला होता. उणीव होती ती उपायाची. नाडी मंद दिसली म्हणून ॲट्रोपिन, सूज असेल म्हणून स्टेरॉइड, झोप यावी म्हणून गुंगीच्या औषधांचे मिश्रण, असा सगळा अंदाजपंचे कारभार चाले. आणि यातील ॲट्रोपिन तर, पुढे कळून आले त्याप्रमाणे, आधीच भडकलेल्या हृदयाला आणखी पळवीत असे. फुप्फुसांत पाणी भरलेल्या रुग्णांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत.

1976 साली, म्हणजे रायगड जिल्ह्याचे सरकारी दफ्तरी नाव अजून कुलाबा होते त्या काळी, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण वैद्यकीय अधिकारी रुजू झाले. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे, शेतकरी घरातले. वैद्यकीचे शिक्षण नागपूरला झालेले. बदलीची दरखास्त करून शहर गाठावे अशीच ती जागा, आणि बहुतेकांनी तसेच केले असते. बावस्करांनी मात्र विंचू चावलेल्या माणसाच्या उशाशी बसावयास सुरुवात केली. संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेची भांडी आणि पांढरे डगले उभे राहतात. येथे साधने म्हणाल तर रक्तदाब मोजण्याचे यंत्र, स्टेथस्कोप, घड्याळ आणि रुग्णाच्या तळपायावर टेकविलेला हाताचा पालथा पंजा. कोणते लक्षण कोणत्या तासाला उमटते, रक्तदाब केव्हा चढतो आणि केव्हा कोसळतो, याची टिपणे ते ठेवू लागले. 1982 साली ‘लॅन्सेट’ने त्यांचा लेख प्रसिद्ध केला. ओकारी, दरदरून घाम, पुरुषांमध्ये लिंगाची अनैच्छिक ताठरता आणि गार पडलेले हातपाय ही हृदयावरील आघाताची पूर्वचिन्हे आहेत, हा त्याचा आशय. खेड्यातल्या आरोग्य सेविकेलाही ही चिन्हे ओळखता येतात, आणि माझ्या मते त्या लेखाचे खरे मोल तेथेच आहे.

विष नेमके काय करते, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमचे कण आत घेणारी जी सूक्ष्म द्वारे असतात, ती विषामुळे वेळेवर मिटत नाहीत. परिणामी तंतू पुनःपुन्हा चेतत राहतात आणि ॲड्रिनलिनच्या कुळातील द्रव्यांचा शरीरात लोंढा सुटतो. त्या लोंढ्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलता ढकलता हृदयाचा डावा कप्पा थकतो, रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसांत पाझरते. हातपाय गार पडतात ते याच आवळण्यामुळे. एवढे ध्यानात आले म्हणजे उपायाची दिशाही उघड होते: हृदयाला चाबूक न मारता वाहिन्यांची मूठ सोडवावयाची.

मध्यंतरी बावस्करांनी पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. केले, आणि ते पुन्हा याच मुलखात परतले. आरंभी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून देण्याचे औषध वापरले. त्याने गुण येई, परंतु थेंबाथेंबावर पहारा ठेवावा लागे, आणि तालुक्याच्या ठिकाणी इतका बंदोबस्त रोज कोठून आणावा? तेव्हा त्यांची दृष्टी प्राझोसिनकडे वळली. वाढलेल्या रक्तदाबासाठी निघालेली ही साधी, स्वस्त, पोटात घ्यावयाची गोळी, आणि ती रक्तवाहिन्यांवरील नेमकी तीच अल्फा ग्राहके अडविते ज्यांच्यावर विषाने सोडलेला लोंढा आदळत असतो. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला त्यांचा प्राझोसिनवरील लेख 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. हातपाय उबदार होईपर्यंत काही तासांच्या अंतराने मात्रा द्यावयाची, अशी रीत बसली. गोळीचा एक धोका आहे, तो असा की पहिल्या मात्रेनंतर माणूस एकाएकी उभा राहिला तर रक्तदाब घसरून भोवळ येते. सबब रुग्णाला आडवाच ठेवावा लागतो. रुग्ण लहान मूल असेल, तर आई त्याला सवयीने कडेवर घेऊ पाहते. तिला थांबविणे हाही या उपचाराचाच एक भाग आहे. परिणामी मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या खाली आले.

येथवरची कथा यशाची आहे आणि यशाच्या कथा सांगणे सोपे असते. मला अधिक मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. ज्या औषधाने नाव दिले, त्याचाच कैवार घेत उरलेले आयुष्य घालविणारे विद्वान सर्वत्र आढळतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने विंचवाच्या विषावरील लस काढल्यावर बावस्कर दांपत्याने मात्र महाडच्या आपल्या रुग्णालयात 70 रुग्णांवर चाचणी घेतली: निम्म्यांना नुसते प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनच्या जोडीला लस, आणि कोणाला काय द्यावयाचे हे निवडीने नव्हे तर यदृच्छेने ठरलेले. दहा तासांत लस मिळालेल्या 35 पैकी 32 रुग्ण पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवर असलेल्या 35 पैकी 8. म्हणजे स्वतःचेच औषध तुलनेच्या पारड्यात टाकून ते एकटे कमी पडते, हे 2011 च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केले. चाचणी उघड होती, म्हणजे कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, आणि काटेकोर शास्त्रज्ञ यावर बोट ठेवील. परंतु फरक इतका मोठा आहे की केवळ दृष्टिभ्रमाने त्याचा उलगडा होईल असे मला वाटत नाही.

2022 साली शासनाने बावस्करांना पद्मश्री दिली. पण म्हणून वाडीवरची अडचण संपलेली नाही. लस शिरेतून द्यावी लागते, ती साठवून ठेवावी लागते, आणि तिचे वावडे येण्याची भीती असते. गोळीचे तसे नाही, ती औषधांच्या दुकानात मिळते. सहासहा तास उशिरा पोहोचलेल्या रुग्णाच्या छातीत मात्र तोवर पाणी भरू लागलेले असते. त्यामुळे गडाच्या घेऱ्यातल्या वाडीवर रात्री कोणाला विंचू चावला आणि पाऊण तासात त्याला घाम सुटून हातपाय गार पडले, तर प्रश्न अजूनही तोच राहतो, की जवळच्या आरोग्य केंद्रात पहिली गोळी पोटात घालून त्याला आडवे निजवून महाडला नेणारी गाडी आधी येते, की उतारा घेऊन भगत.