'सर्वाच्या सिद्धांता'त 'सर्व' म्हणजे किती?

सूर्याभोवती ग्रह सहाच का? योहानेस केप्लरला हा प्रश्न पडला, तेव्हा तो ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे शाळेत गणित शिकवीत होता. बुधापासून शनीपर्यंत, पृथ्वी धरून, त्या काळी सहाच ग्रह माहीत होते. आता, चतुष्फलक, घन, अष्टफलक, द्वादशफलक व विंशतिफलक अशा सुसम घनाकृती पाचच असू शकतात, सहावी शक्यच नाही, हे युक्लिडच्या काळापासून ठाऊक होते. सहा ग्रहांच्या गोलांमध्ये जागा पाच, आकृतीही पाच! केप्लरने त्या एकात एक बसवून पाहिल्या. अंतरे बऱ्यापैकी जुळली. १५९६ मध्ये त्याने यावर ग्रंथच प्रसिद्ध केला.

आज हे सांगितले की वर्गात हशा पिकतो. पण याच केप्लरने १६०९ व १६१९ मध्ये ग्रहगतीचे तीन नियम मांडले आणि ते आपण आजही शिकवतो. १६८७ मध्ये न्यूटनने हे तिन्ही नियम गुरुत्वाकर्षणाच्या एका नियमातून काढून दाखवले. 'ग्रह सहाच का' याचे उत्तर मात्र त्या नियमात नाही. त्याला सहा ग्रह चालतात, आठ चालतात, एकही नसला तरी चालते. ग्रहांची संख्या हा सूर्यमाला कशी घडली त्या इतिहासाचा भाग आहे. म्हणजे न्यूटनने केप्लरचा प्रश्न सोडवला नाही; मूलभूत प्रश्नांच्या यादीतून तो काढून टाकला. आम्हाला हे काम नियम शोधण्याइतकेच मोठे वाटते.

आता आजच्या भौतिकीकडे येऊ. चार मूलभूत बलांपैकी विद्युतचुंबकीय, क्षीण आणि तीव्र ही तीन बले 'स्टँडर्ड मॉडेल' या सिद्धांतात येतात. त्याने भाकीत केलेले डब्ल्यू आणि झेड कण १९८३ मध्ये, तर हिग्ज कण २०१२ मध्ये सापडला. गुरुत्वाकर्षण तेवढे बाहेर राहिले आहे. तेही सामावून घेणारा जो सिद्धांत असेल त्याला 'थिअरी ऑफ एव्हरीथिंग', म्हणजे 'सर्वाचा सिद्धांत' म्हणायचे, अशी रूढ व्याख्या आहे.

ही व्याख्या आम्हाला अपुरी वाटते. स्टँडर्ड मॉडेलमध्ये सुमारे १९ संख्या प्रयोगाने मोजून घालाव्या लागतात. न्यूट्रिनोंना वस्तुमान असते हे कळल्यावर त्यांत किमान सातांची भर पडली. म्युऑन हा कण इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट जड आहे. का? मॉडेल गप्प आहे. हे '२०७' केप्लरच्या तीन नियमांच्या जातीचे, की सहा ग्रहांच्या? तंतुसिद्धांताच्या काही अभ्यासकांच्या मते त्यांच्या समीकरणांतून एकावर पाचशे शून्ये इतक्या प्रकारची विश्वे संभवतात. तसे असेल तर २०७ हा आपल्या विश्वाचा निव्वळ योगायोग ठरेल. लाइब्निझसारख्या तत्त्वज्ञाला हे पटले नसते. पुरेशा कारणाशिवाय काहीच नसते, असे तो मानीत असे. चार बले एका चौकटीत बसवली, पण नियम कोठे संपतो आणि योगायोग कोठे सुरू होतो हे सांगितले नाही, तर त्या सिद्धांताला 'सर्वाचा' म्हणू नये, असे आमचे मत आहे.

तो सिद्धांत सापडला की विज्ञान संपणार का, असे मोठ्या वर्गातील मुले हमखास विचारतात. त्यांना अतिसंवाहकतेची गोष्ट सांगावी. पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला की त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो, हे १९११ मध्ये कामरलिंग ओनेस यांना आढळले. इलेक्ट्रॉनांचे वर्तन सांगणारे श्रोडिंगरचे समीकरण १९२६ मध्ये आले. म्हणजे लागणारे मूळ समीकरण हाती होते. तरीही पाऱ्याचे कोडे सुटायला १९५७ साल उजाडले; इलेक्ट्रॉन जोड्या करून वावरतात ही नवी कल्पना बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांना मांडावी लागली. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांना बऱ्याच वरच्या तापमानाला अतिसंवाहक होणारी तांब्याची ऑक्साइडे सापडली. तेथेही समीकरण तेच आहे, पण सर्वमान्य स्पष्टीकरण अजून मिळालेले नाही.