ख्रिस्ती जीवनात हृदय आणि बुद्धी

धर्म हा हृदयाचा विषय की बुद्धीचा, हा प्रश्न प्रत्येक धर्मात निघतो. आपल्याकडे ज्ञान आणि भक्ती यांचा वाद जुना आहे. ख्रिस्ती धर्मातही तो आहे. एक पक्ष म्हणतो, सिद्धान्त पटले की धर्म समजला. दुसरा म्हणतो, डोळ्यांत पाणी आले की देव भेटला. पहिल्या वाटेने धर्म शुष्क होतो, दुसऱ्या वाटेने तो आंधळा होण्याचे भय असते. मग दोहोंचा मेळ कसा घालावयाचा?

प्रथम मूळ आज्ञाच पाहू. देवावर पूर्ण अंतःकरणाने, पूर्ण जिवाने व पूर्ण शक्तीने प्रीती करावी, असे यहुद्यांचे नियमशास्त्र सांगते. मार्काच्या ग्रीक शुभवर्तमानात येशू हीच आज्ञा सर्वांत थोर म्हणून सांगतो, तेव्हा तीत बुद्धीचाही उल्लेख येतो. ही भर परकी नव्हे. हिब्रू भाषेत हृदयाला 'लेव' म्हणतात आणि ते भावनेप्रमाणेच विचाराचे व निश्चयाचेही स्थान मानले जाते. शिवाय 'पूर्ण' हे विशेषण प्रत्येकाला लावलेले आहे. अर्धे हृदय आणि अर्धी बुद्धी, अशी तडजोड येथे अभिप्रेतच नाही.

ही गोष्ट आचरणात कशी दिसते, हे पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून चांगले कळते. रमाबाईंचा जन्म 1858 चा. संस्कृत विद्येसाठी 1878 साली कलकत्त्यात त्यांचा गौरव झाला, आणि 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु बाप्तिस्म्याबरोबर त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि चर्चच्या अधिकारावर त्यांनी आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून निकराचा वाद घातला. एका पुरोहितवर्गाचे जोखड नुकतेच उतरवले असता दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, असा त्यांचा बाणा होता. ज्यांच्या आश्रयाला आपण राहतो त्यांनाच असे सांगणे सोपे नव्हते.

तरीही एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नाही. बुद्धीने दारापर्यंत आणले होते. आत जाण्यासाठी विश्वासाने स्वतःला स्वाधीन करणे बाकी होते. 1891 च्या सुमारास ते घडले, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात सांगितले आहे.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात 1905 साली प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली मोठ्याने रडत, प्रार्थना करीत. हा केवळ भावनेचा उन्माद आहे, असा आक्षेप काहींनी घेतला. आक्षेप पोकळ म्हणता येणार नाही, कारण भावना उसळली की ती कोठे जाईल याचा नेम नसतो. मग तिची पारख कशाने करावी? ती ओसरल्यावर माणूस काय करतो, यावरून करावी. मुक्तिसदनात शाळा, शेती, विणकाम, छपाई ही कामे चालूच राहिली. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून, कोश व व्याकरणे चाळीत, बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. प्रचलित भाषांतराची भाषा खेड्यातील सामान्य बायकांना जड जाते, त्यांना समजेल असे सोपे मराठी हवे, हा त्यांचा आग्रह होता. पुस्तकाचे खिळे जुळवण्याचे कामही तेथील स्त्रियांनी केले.

या कामाला प्रेमाचा कितीही उमाळा व्याकरणाशिवाय पुरला नसता, आणि कितीही व्याकरण त्या अडाणी बाईच्या कळवळ्याशिवाय सुचले नसते. 1921 साली रमाबाईंची एकुलती कन्या मनोरमा वारली. तरी भाषांतराचे काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई निवर्तल्या, आणि 1924 साली संपूर्ण बायबल मुक्तिसदनाच्या छापखान्यातून बाहेर पडले.

तेव्हा समतोल म्हणजे तराजूची दोन पारडी नव्हेत, की एकातले काढून दुसऱ्यात घालावे. आपण मान्य केलेल्या सत्याने कोणाचे दुःख हलके झाले का, हे बुद्धीला विचारावे. आणि आपल्याला आलेला गहिवर विचाराच्या कसाला उतरतो का, हे हृदयाला विचारावे. हे दोन्ही प्रश्न ज्याने चालू ठेवले, त्याची श्रद्धा शुष्कही होत नाही आणि आंधळीही होत नाही.